पायथन तेच, कमांड तीच, मग उत्तर वेगळं का?

पायथन शिकायला बसलेल्या माणसाची पहिली अडचण बहुतेक वेळा पायथनची नसतेच. लूप, फंक्शन, लिस्ट या गोष्टी नंतरच्या. त्याआधी काळ्या चौकटीत 'पायथन' एवढा एक शब्द टाइप करून एंटर दाबायचं असतं आणि तिथेच गाडी अडते. कुणाच्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं. कुणाला 'अशी कमांड नाही' असं उत्तर मिळतं. कुणाकडे काहीच होत नाही, कर्सर लुकलुकत राहतो आणि मशीन गोठल्यासारखं वाटतं. व्हिडिओतल्या शिक्षकाच्या पडद्यावर मात्र >>> ही खूण लगेच येते आणि तो पुढे निघूनही जातो.

हा अनुभव आता खूप जणांच्या वाट्याला येतो आहे. सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या कॉम्प्युटर सायन्समध्ये पायथन आहे, आणि कॉमर्स, संख्याशास्त्र, भूगोल शिकणारी मुलंही ते शिकतात. चॅटबॉटला विचारलं की तो तयार कमांड हातात ठेवतो, पण अनेकदा ती लिनक्स किंवा मॅक गृहीत धरून लिहिलेली असते, आणि आपल्याकडे घरोघरी लॅपटॉप असतो विंडोजचा. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. नवं मशीन घेतलं की सगळं पुन्हा इन्स्टॉल करणं आलं, आणि जुन्या मशीनवर चालणारी कमांड नव्यावर चालेलच असं नाही.

या गोंधळामागची कारणं समजण्यासारखी आहेत. 'मला कॉम्प्युटर जमत नाही' हे त्यातलं एकही कारण नाही, आणि हे मला अगदी ठामपणे सांगायचं आहे, कारण याच पायरीवरून चांगली चांगली मुलं परत फिरतात. (लेखात कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या रोमन लिपीतच करायच्या.)

## चौकटीत तिघं असतात

तहसील कचेरीत अर्ज द्यायला गेलं की आधी काउंटरची काच लागते, काचेमागे कारकून असतो आणि आतल्या खोलीत साहेब. आपल्याला वाटतं की आपला अर्ज साहेबांनी वाचला. प्रत्यक्षात कारकून तो उघडतो, पाकीट बाजूला काढतो, अर्ज कोणत्या खोलीत जायचा ते ठरवतो आणि आपल्या पद्धतीने टिपणी करून आत पाठवतो. साहेब वाचतात ती टिपणी.

काळ्या चौकटीतही असंच असतं. अक्षरं दाखवणारी आणि कीबोर्डवरचे ठोके आत पोचवणारी काच म्हणजे टर्मिनल. तुमची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा कारकून म्हणजे शेल. आणि पायथनमध्ये लिहिलेला मजकूर वाचून त्याप्रमाणे काम करणारे साहेब म्हणजे इंटरप्रिटर.

साहेब बहुतेक ठिकाणी सारखेच असतात. कारकून मात्र वेगवेगळ्या घराण्यांतले. विंडोजच्या एकाच मशीनवर आज कमांड प्रॉम्प्ट असतो, विंडोजसोबत येणारं पॉवरशेल ५.१ असतं, वेगळं इन्स्टॉल केलेलं पॉवरशेल ७ असू शकतं, गिटबरोबर (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) आलेलं गिट बॅश असतं, आणि डब्ल्यूएसएल चालू केलं असेल तर विंडोजच्या पोटातलं आख्खं लिनक्स आणि त्याचं बॅश. काही जुन्या मशीनवर सिगविनही सापडतं, म्हणजे युनिक्ससारखं वातावरण विंडोजवर आणणारा संच. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनापासून झेडशेल हे डिफॉल्ट आहे. दिसायला सगळे सारखे: गडद पडदा, पांढरी अक्षरं. म्हणूनच माणूस फसतो.

## एक ओळ तीन शेलमध्ये टाकून पाहा

पायथनला थेट कमांडमध्येच एखादी छोटी ओळ देता येते. त्यासाठी '-सी' हा पर्याय असतो. समजा आपण लिहिलं:

पायथन -सी 'प्रिंट("नमस्कार")'

लिनक्सच्या बॅशमध्ये पडद्यावर 'नमस्कार' येतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये काहीही येत नाही, एररसुद्धा नाही. आणि पॉवरशेल ५.१ मध्ये पायथन तक्रार करतं की नमस्कार या नावाचं काही मला माहीत नाही.

पायथन तिन्हीकडे तेच आहे. फरक पडला तो अवतरणचिन्हांमुळे. बॅशच्या नियमात एकेरी अवतरण हे पाकीट आहे. ते काढून टाकायचं आणि आतला मजकूर जसाच्या तसा पुढे द्यायचा. कमांड प्रॉम्प्टच्या जगात एकेरी अवतरणाला पाकिटाचा मान नाही, ते एक साधं अक्षर आहे. मान आहे तो दुहेरी अवतरणाला, म्हणून दुहेरी चिन्हं निघून गेली आणि एकेरी राहिली. पायथनच्या हाती पडलं 'प्रिंट(नमस्कार)', म्हणजे अवतरणात ठेवलेला एक निव्वळ मजकूर. मजकूर वाचला, त्यात करण्यासारखं काही नव्हतं, काम संपलं. पॉवरशेल ५.१ ने एकेरी पाकीट बरोबर ओळखलं, पण मजकूर पुढे देताना आतली दुहेरी चिन्हं त्याच्याकडून गळाली. त्यामुळे पायथनने नमस्कार हे एखाद्या व्हेरिएबलचं नाव समजून शोधायला सुरुवात केली. (पायथन ३ मध्ये देवनागरी नाव चालतं, म्हणून त्याला तो शब्द खटकला नाही.) पॉवरशेलचा हा दोष बराच जुना होता. ७.३ या आवृत्तीत तो सुधारला, पण विंडोजसोबत येतं ते आजही ५.१ च.

याच्या मुळाशी दोन घराण्यांमधला एक मूलभूत फरक आहे. युनिक्स घराण्यात (लिनक्स आणि मॅक यातलेच) शेल तुमच्या ओळीचे शब्द सुटे करतं आणि प्रोग्रामच्या हातात सुट्या शब्दांची यादी देतं. विंडोजमध्ये प्रोग्रामला मिळते एक सलग ओळ. तिचे तुकडे कसे पाडायचे हे तो प्रोग्राम स्वतः ठरवतो. तारांकनाचंही तेच. बॅशमध्ये 'स्टार डॉट टीएक्सटी' लिहिलं तर शेल आधीच फोल्डरमधल्या सगळ्या टेक्स्ट फाईलींची नावं तिथे भरतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये पायथनला तो तारा तसाच मिळतो, आणि त्या नावाची फाईल अर्थातच कुठेच नसते. दोन्हीकडे चालायला हवं असेल तर नावं शोधण्याचं काम पायथनच्याच 'ग्लॉब' मॉड्यूलवर सोपवावं.

अवतरणांपुरता एक उपाय आहे: बाहेर दुहेरी, आत एकेरी. वरची ओळ तशी लिहिली तर ती तिन्हीकडे नीट पोचते. आणि मजकूर एका ओळीपेक्षा मोठा असेल तर तो सरळ फाईलमध्ये लिहावा. फाईलच्या आत शेलचा हात पोचत नाही.

## 'पायथन' म्हटलं की कुणाला हाक जाते?

शेलला 'पायथन' हा शब्द मुळात कळतच नाही. त्याच्याकडे फोल्डरांची एक यादी असते, तिला पाथ म्हणतात. यादीतले फोल्डर क्रमाने धुंडाळत जायचं आणि त्या नावाची पहिली फाईल जिथे सापडेल ती चालवायची, एवढाच त्याचा नियम.

मे २०१९ च्या विंडोज १० अपडेटपासून मायक्रोसॉफ्टने या पाथवर 'पायथन' आणि 'पायथन३' या नावांचे दोन छोटे वाटाडे बसवून ठेवले आहेत. तुमच्याकडे खरं पायथन सापडलं नाही तर ते तुम्हाला स्टोअरकडे नेतात. नवख्याला इन्स्टॉल करणं सोपं जावं हा हेतू होता. पण पायथन डॉट ऑर्गच्या नेहमीच्या इन्स्टॉलरमध्ये 'पाथमध्ये टाका' या चौकटीवर आधीपासून खूण नसते. ती न करता पुढे गेलं की पायथन मशीनवर असूनही यादीत नसतं, आणि हाक दिल्यावर स्टोअर उघडतं. उपाय दोन. इन्स्टॉलर पुन्हा चालवून पायथन पाथमध्ये टाकायचं (सेटिंग्जमध्ये 'ॲप एक्झिक्युशन एलियस' शोधून पायथनची दोन्ही बटणं बंद केली तर फक्त स्टोअर उघडणं थांबतं), किंवा 'पायथन' ऐवजी 'पीवाय' टाइप करायचं. 'पीवाय' हा विंडोजसाठीचा लाँचर २०१२ च्या पायथन ३.३ पासून इन्स्टॉलरसोबत येतो आणि मशीनवरची पायथनं स्वतः शोधून काढतो. पायथन ३.१४ सोबत आलेल्या नव्या इन्स्टॉल मॅनेजरनेही 'पीवाय' हे नाव कायम ठेवलं आहे.

लिनक्सवर नेमकं उलट. डेबियन आणि उबुंटूच्या अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये नुसतं 'पायथन' नसतं, 'पायथन३' म्हणावं लागतं. कारण अनेक वर्षं 'पायथन' म्हणजे पायथन २ होतं, आणि १ जानेवारी २०२० ला त्याची देखभाल थांबल्यावरही जुन्या स्क्रिप्ट चुकून नव्या पायथनच्या हाती पडू नयेत म्हणून ते नाव रिकामं ठेवलं गेलं. मॅकमधलं पायथन २.७ ही ॲपलने १२.३ या आवृत्तीत काढून टाकलं. म्हणून लिनक्सवरची 'पायथन३' ही कमांड विंडोजवर चिकटवली की स्टोअर उघडतं, आणि विंडोजवरची 'पीवाय' लिनक्सवर चिकटवली की 'अशी कमांड नाही'.

याच पाथमुळे आणखी एक त्रास होतो. 'पिप' वापरून पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) इन्स्टॉल केलं, सगळं यशस्वी झाल्याचा संदेश आला, आणि प्रोग्राम चालवला की 'असं मॉड्यूल सापडत नाही'. मशीनवर दोन-तीन पायथनं असतात. पिप एकाचं निघतं आणि प्रोग्राम दुसऱ्यात चालतो. व्हीएस कोडमधलं रन बटण त्या एडिटरमध्ये निवडलेलं पायथन वापरतं, खालच्या टर्मिनलमध्ये टाइप केलेली कमांड पाथवरचं वापरते, आणि ही दोन वेगळी असू शकतात. म्हणून नुसतं 'पिप' न म्हणता 'पायथन -एम पिप' म्हणण्याची सवय लावून घ्यावी. ज्या पायथनला हाक दिली, पॅकेज त्याच्याच घरात जातं. आपण नेमक्या कुठल्या पायथनशी बोलतो आहोत हे पाहायचं असेल तर आत शिरून 'सिस' मॉड्यूल इम्पोर्ट करावं आणि 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापावं. पूर्ण पत्ता समोर येतो.

## गिट बॅशमध्ये पायथन मुकं का होतं?

गिट बॅश उघडून 'पायथन' म्हटलं की अनेकांकडे काहीच दिसत नाही. ना आवृत्तीची ओळ, ना >>>. पायथन अडकलेलं नसतं. ते तुमची वाट पाहत असतं, फक्त समोर माणूस बसला आहे हे त्याला ठाऊक नसतं.

कोणताही इंटरप्रिटर सुरू होताना तपासतो की समोर टर्मिनल आहे की नळी. टर्मिनल असेल तर माणूस आहे असं धरून तो गप्पांच्या पवित्र्यात येतो: >>> छापतो, एक ओळ घेतो, लगेच उत्तर देतो. नळी असेल, म्हणजे दुसरा एखादा प्रोग्राम मजकूर ओतत असेल, तर तो सगळा मजकूर संपेपर्यंत शांतपणे वाचतो आणि मग एकदम चालवतो.

गिट बॅशची खिडकी काढणारा प्रोग्राम म्हणजे मिनटीटीवाय. तो युनिक्स पद्धतीचं टर्मिनल उभं करतो, पण विंडोजवर ते आतून नळ्यांनीच बांधलेलं असतं. बॅशला आणि त्याच्या सोबत्यांना ती नळी टर्मिनल म्हणून ओळखता येते. पायथन डॉट ऑर्गवरून घेतलेलं पायथन मात्र अस्सल विंडोजचा प्रोग्राम. त्याला विंडोजचा कन्सोल, म्हणजे विंडोजचं स्वतःचं टर्मिनल, हवा असतो, दिसते नळी, आणि ते वाचत बसतं.

यावर 'विनपीटीवाय' हा मध्यस्थ आहे. 'विनपीटीवाय पायथन' म्हटलं की तो मागे एक खरा कन्सोल उभा करून दोघांची गाठ घालून देतो. 'पायथन -आय' म्हणूनही >>> मिळतं, पण बाण दाबून मागची ओळ परत आणण्यासारख्या सोयी तिथे लंगड्या राहतात. सगळ्यात स्वच्छ वाट म्हणजे गिट बॅश हे शेल ठेवायचं आणि खिडकी बदलायची: विंडोज टर्मिनलमध्ये किंवा व्हीएस कोडच्या टर्मिनलमध्ये तेच बॅश उघडायचं. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ च्या अपडेटमध्ये मायक्रोसॉफ्टने कॉनपीटीवाय नावाची सोय दिली. तिच्यामुळे कोणतीही खिडकी विंडोज प्रोग्रामला खऱ्या कन्सोलसारखी दिसू शकते. ही दोन्ही टर्मिनलं तिच्यावर चालतात. कारकून तोच राहिला, काच बदलली आणि साहेब बोलायला लागले.

## तिरक्या रेषेचं जुनं भांडण

युनिक्समध्ये फोल्डर वेगळे करायला पुढे झुकलेली रेषा, विंडोजमध्ये मागे झुकलेली. एमएस-डॉसची पहिली आवृत्ती १९८१ साली आली तेव्हा तिच्यात फोल्डरमध्ये फोल्डर ही कल्पनाच नव्हती, आणि पुढे झुकलेली रेषा कमांडचे पर्याय लिहायला वापरली जात होती. १९८३ च्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले, तोवर ती रेषा अडकलेली होती, म्हणून मागची रेषा घेतली गेली. चाळीसहून अधिक वर्षं झाली, अजून आपण ते निस्तरतो आहोत.

पायथन स्वतः विंडोजवर दोन्ही रेषा स्वीकारतं. अडचण येते ती शेलमुळे. बॅशमध्ये मागची रेषा म्हणजे 'पुढच्या अक्षराचा खास अर्थ काढून टाक' अशी खूण, त्यामुळे विंडोजचा पत्ता तसाच चिकटवला की मधल्या रेषा गायब होतात आणि सगळी नावं एकमेकांना चिकटतात. उलट बाजूने, गिट बॅश सी ड्राइव्हचा पत्ता '/सी/युजर्स' असा लिहितं आणि विंडोजचा प्रोग्राम चालवताना तो गुपचूप विंडोजच्या पद्धतीत बदलून देतं. बहुतेकदा ही मदत असते. पण पुढच्या रेषेने सुरू होणारी, पत्ता नसलेली एखादी गोष्ट तुम्ही दिलीत, तर तिच्यापुढेही गिटच्या फोल्डरचा पत्ता चिकटू शकतो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी शोधायला जातो. सिगविन असा बदल करत नाही. त्यामुळे तिथला '/सिगड्राइव्ह/सी' हा पत्ता अस्सल विंडोज पायथनला दिला की 'अशी फाईल नाही' हे उत्तर ठरलेलं.

ओळीच्या शेवटाचाही असाच वाद आहे. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवतं, युनिक्स एकच. युनिक्सवर स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या इंटरप्रिटरने चालवायची ते लिहितात. १९८० साली बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी ही सोय आणली. तीच फाईल विंडोजच्या नोटपॅडसारख्या एडिटरमध्ये तयार करून लिनक्सवर नेली की पहिल्या ओळीच्या टोकाला ते जास्तीचं चिन्ह राहतं, लिनक्स 'पायथन३' आणि त्याला लटकलेलं अदृश्य चिन्ह अशा नावाचा प्रोग्राम शोधतं, आणि डोळ्यांना बरोबर दिसणारी ओळ चालत नाही. एडिटरच्या खालच्या पट्टीत 'सीआरएलएफ' दिसलं तर ते 'एलएफ' करून फाईल पुन्हा सेव्ह करावी.

## व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटचे पाच दरवाजे

प्रत्येक प्रकल्पाची पॅकेजं वेगळी ठेवायला पायथनमध्ये 'वेनव्ह' हे स्वतंत्र फोल्डर करतात. त्यात शिरायची स्क्रिप्ट प्रत्येक शेलसाठी निराळी असते: बॅश आणि झेडशेलसाठी एक, सीशेलसाठी एक, फिशसाठी एक, कमांड प्रॉम्प्टसाठी एक, पॉवरशेलसाठी एक. शिवाय विंडोजवर ती 'स्क्रिप्ट्स' फोल्डरमध्ये असते आणि इतरत्र 'बिन' मध्ये. विंडोजच्या घरगुती मशीनवर पॉवरशेल सुरुवातीला कोणतीही स्क्रिप्ट चालवू देत नाही, त्यामुळे तिथे 'या सिस्टिमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे' असा लाल संदेश येतो. मशीनमध्ये व्हायरस नाही, ही सुरक्षेची सेटिंग आहे. 'सेट-एक्झिक्युशनपॉलिसी' ने फक्त स्वतःच्या खात्यापुरती 'रिमोटसाइन्ड' केली की पुरतं.

खरं तर ॲक्टिव्हेट करणं, म्हणजे असं आत शिरणं, सक्तीचं नाहीच. ती स्क्रिप्ट मुख्यतः पाथच्या सुरुवातीला एक फोल्डर जोडते. वेनव्हच्या आतल्या पायथनला पूर्ण पत्त्याने हाक मारली तरी ते स्वतःची पॅकेजं ओळखतं.

## मराठी मजकूर आला की काय होतं?

इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा त्रास क्वचितच जाणवतो, आपल्याला मात्र तो रोज होतो. म्हणून इथे थोडं थांबून पाहू.

कॉम्प्युटर अक्षर साठवत नाही, आकडे साठवतो. कुठला आकडा म्हणजे कुठलं अक्षर, याच्या तक्त्याला कोडपेज म्हणतात. यूटीएफ-८ या आजच्या पद्धतीत जगातल्या सगळ्या लिप्या बसतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. पण विंडोजने जुन्या प्रोग्रामांसाठी एक जुना तक्ताही चालू ठेवला आहे. इंग्रजी (भारत) निवडलेल्या मशीनवर तो असतो १२५२, पश्चिम युरोपातल्या भाषांचा. त्यात देवनागरी नाही.

३.६ पासून पायथन विंडोजच्या खऱ्या कन्सोलशी युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांचा एकच तक्ता) बोलतं, म्हणून पडद्यावर मराठी छापताना ते मोडत नाही. (अक्षरांऐवजी चौकोन दिसले तर तो फॉन्टचा प्रश्न.) पण त्याच प्रोग्रामचं आउटपुट '>' वापरून फाईलमध्ये वळवलं की समोर कन्सोल उरत नाही, नळी किंवा फाईल असते. मग पायथन १२५२ चा तक्ता काढतं, त्यात 'न' सापडत नाही आणि 'चारमॅप' असा शब्द असलेला एरर देऊन थांबतं. मघाचं गिट बॅशही आतून नळीच असल्यामुळे तिथे हाच एरर साध्या प्रिंटला येऊ शकतो. चालणारा प्रोग्राम फक्त फाईलमध्ये पाठवल्यावर का मोडला, हे कोडं इथे सुटतं.

वाचताना याहून विचित्र घडतं. यूटीएफ-८ मधली गावांची यादी घ्या आणि पायथनमध्ये 'ओपन' करताना एन्कोडिंग, म्हणजे कोणता तक्ता वापरायचा ते, सांगू नका. यादीत नुसतं 'नागपूर', 'सातारा', 'नाशिक' असेल तर फाईल बिनतक्रार उघडते, पण गावांच्या जागी à¤ सारख्या चिन्हांची रांग दिसते. यादीत 'पुणे' किंवा 'कोल्हापूर' आलं की प्रोग्राम थेट कोसळतो. कारण १२५२ च्या तक्त्यात पाच घरं रिकामी आहेत: हेक्समध्ये ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. पहिल्या उकाराचा शेवटचा बाइट ८१ आहे आणि हलन्ताचा, म्हणजे प्रत्येक जोडाक्षराच्या आत दडलेल्या पाय मोडण्याच्या चिन्हाचा, ८डी. 'ए' चा ८एफ, 'ऐ' चा ९०, 'झ' चा ९डी. 'नागपूर' मधला दुसरा उकार ८२ वर संपतो, ते घर भरलेलं आहे, म्हणून तो निसटतो. एरर आला तर निदान कळतं तरी. 'नागपूर' चा कचरा झाला आणि तो तसाच पुढच्या फाईलमध्ये साठवला गेला, तर तो नंतर शोधून दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

उपाय: फाईल उघडताना प्रत्येक वेळी एन्कोडिंग यूटीएफ-८ आहे असं स्पष्ट लिहावं. एक्सेलमध्ये उघडायची सीएसव्ही असेल तर 'यूटीएफ-८-सिग' लिहावं, त्यामुळे फाईलच्या सुरुवातीला एक खूण जाते आणि एक्सेल मराठी ओळखतं. प्रत्येक ठिकाणी लिहिणं शक्य नसेल तर 'पायथनयूटीएफ८' हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (शेलमधून प्रोग्रामपर्यंत पोचणारी सेटिंग) १ करता येतो. ही सोय पायथन ३.७ पासून आहे. पण तो व्हेरिएबल ठेवण्याची रीतही शेलगणिक वेगळी: कमांड प्रॉम्प्टमध्ये 'सेट', बॅशमध्ये 'एक्सपोर्ट', पॉवरशेलमध्ये डॉलरचं चिन्ह आणि 'एन्व्ह'. पॉवरशेलमध्ये चुकून 'सेट' वापरलं तर एरर येत नाही. ते भलत्याच नावाचा स्वतःचा एक व्हेरिएबल करून ठेवतं आणि पायथनला काही कळत नाही. म्हणून मी 'पायथन -एक्स यूटीएफ८' आणि पुढे फाईलचं नाव ही रीत सुचवेन, ती सगळ्या शेलमध्ये सारखीच लिहिता येते. तरीही पॉवरशेल ५.१ मध्ये '>' टाळावं. ते पायथनचं आउटपुट आधी जुन्या तक्त्याने वाचतं आणि मग यूटीएफ-१६ मध्ये लिहितं, त्यात मराठीचा पुन्हा चुराडा होतो. पॉवरशेल ७.४ पासून बाइट जसेच्या तसे जातात.

विंडोजच्या प्रादेशिक सेटिंगमध्ये सगळ्या मशीनसाठी यूटीएफ-८ लावण्याचीही एक चौकट आहे, तिच्यापुढे 'बीटा' लिहिलेलं असतं. घरच्या मशीनवर ती वापरायला हरकत नाही. ज्या कचेरीत किंवा छापखान्यात युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांवर चालणारं जुनं डीटीपी सॉफ्टवेअर रोजच्या कामात आहे, तिथे मात्र तिला हात लावू नये. ती सॉफ्टवेअर त्याच जुन्या तक्त्याच्या भरवशावर चालतात आणि तयार मजकूर बिघडू शकतो.

## 'मग सगळ्यांनी एकच पद्धत का ठरवू नये?'

प्रश्न रास्त आहे आणि त्या दिशेने काम चालूही आहे. पायथन ३.१५ पासून यूटीएफ-८ हेच डिफॉल्ट करायचं ठरलं आहे. पण शेल बदलणं याहून अवघड. बँका, रुग्णालयं, सरकारी कार्यालयं यांच्याकडे कमांड प्रॉम्प्टसाठी लिहिलेल्या जुन्या बॅच फाईली रोज रात्री चालतात. एकेरी अवतरणाचा अर्थ उद्या बदलला तर त्यातल्या किती मोडतील हे कुणालाच सांगता येणार नाही. युनिक्सच्या बाजूलाही तेवढंच जुनं सामान आहे.

## 'डब्ल्यूएसएल घेतलं की सगळं मिटतं ना?'

बरंचसं मिटतं. तिथे खरं लिनक्स असतं, व्हिडिओतल्या कमांड तशाच चालतात, मराठी आधीपासून यूटीएफ-८ मध्ये असते. ज्याला पुढे सर्व्हरवर काम करायचं आहे त्याने ते जरूर शिकावं. पण ते वेगळं घर आहे. तिथलं पायथन वेगळं, पॅकेजं वेगळी. विंडोजचा सी ड्राइव्ह तिथून '/एमएनटी/सी' म्हणून दिसतो, आणि डब्ल्यूएसएल २ मध्ये त्या वाटेने फाईली वाचणं बरंच संथ आहे, त्यामुळे प्रकल्प लिनक्सच्याच फोल्डरमध्ये ठेवावा लागतो. उबुंटू २३.०४ आणि डेबियन १२ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट काही घालायला गेलं तर ते नकार देतं आणि वेनव्ह करायला सांगतं. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर हे दुसरं घर जडही जातं. शाळेतल्या मुलाला गणिताचे दहा-वीस ओळींचे प्रोग्राम लिहायचे असतील तर पायथनसोबत येणारं 'आयडल' पुरेसं आहे. त्यात टर्मिनल नाही, शेल नाही, मुलगा थेट इंटरप्रिटरशी बोलतो.

आणि कुठे अडलात, कुणाला मदत मागायची वेळ आली, तर पडद्याचा फोटो पाठवण्याआधी खिडकी कोणती, शेल कोणतं आणि 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' काय सांगतं एवढं लिहून पाठवा. मराठी मजकुराचा प्रश्न असेल तर 'सिस डॉट एसटीडीआउट डॉट एन्कोडिंग' काय दाखवतं तेही जोडा. तिथे 'सीपी१२५२' दिसलं तर बहुतेक वेळा उत्तर तुम्हालाच सापडेल.